न धावणाऱ्या गाडीचा अपघात

१

कव्हर निम्मं वर गेलं आणि ठमी जागच्या जागी थिजली.

गाडीच्या नाकाला तडा गेला होता. खालून निघून थेट डाव्या दिव्यापर्यंत. मोतिया रंग होता गाडीचा, त्यामुळे तडा लपायला जागाच नव्हती.

तिच्या मागे तिचा थोरला भाऊ उभा. गळ्यात पाहुण्याचा पास, हातात मशीनची कॉफी. सगळे त्याला दादाच म्हणायचे. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासायच्या, हा त्याचा धंदा. सर्व्हेयर. वर्षभर गॅरेजात उकिडवं बसायचं, चेपलेली बोनेटं बघायची आणि लोकांच्या थापा ऐकायच्या. "कुत्रं आडवं आलं हो" ही थाप तर त्याने इतक्यांदा ऐकली होती, की जगातल्या सगळ्या कुत्र्यांबद्दल त्याला आता सहानुभूती वाटायची. आज सुट्टी टाकून तो गाड्यांच्या प्रदर्शनाला आला होता ते एवढ्याचसाठी, की एक दिवस तरी न ठोकलेल्या गाड्या बघू.

आणि आल्या आल्या पहिलीच गाडी ही.

"दादा," ठमी म्हणाली.

ही गाडी म्हणजे तशी गाडीच नव्हती. कॉन्सेप्ट. पुढे कधीतरी आपल्या गाड्या अशा दिसतील, एवढं दाखवायला बनवलेली. लोखंडी सांगाडा, त्यावर फायबरचं अंग, काळ्या काचा. इंजिन नाही. हलवायची तर ढकलायची. पण तिची रेघ न् रेघ ठमीने काढली होती. तीन वर्षं ती या गाडीतच राहत होती असं आई म्हणायची. आज दुपारी पत्रकारांसमोर कव्हर निघणार होतं, आणि ठमी माईक घेऊन सांगणार होती, ही मी काढली. गाडीसमोरच्या ॲक्रिलिकच्या बोर्डावर गाडीच्या नावाखाली तिचं नाव होतं. बारीक अक्षरात, पण होतं.

तेवढ्यात साहेब आले. कंपनीचे मार्केटिंगचे प्रमुख, या सगळ्या स्टॉलचे मालकच म्हणा. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, दोन्ही हातांत एकेक फोन. त्यांनी तडा बघितला. आरडाओरडा केला नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

"ब्रेक सुटला असणार," साहेब म्हणाले. "प्लॅटफॉर्म पुढे उतरता आहे. गाडी घसरली, धडकली. सफाईवाल्यांनी बघितलं असेल, घाबरून परत वर ढकलली असेल. ब्रेकचा दांडा दाराशी आणून बसवायची अक्कल कुणाची? तुझीच ना?"

"सर, पण..."

"पण नको. पत्रकारांसमोर आता तुझे सीनियर बोलतील. तू मागे थांब. बोर्डावरचं नाव झाकायला सांगतो. बाकीचं प्रदर्शन संपल्यावर बोलू."

"बाकीचं म्हणजे?"

साहेबांचा एक फोन वाजला आणि ते चालू लागले.

ठमी रडली नाही. ती लहानपणापासून रडायच्या ऐवजी नखं खायची. आता ती अंगठ्यावर पोचली होती.

"दार उघड," दादा म्हणाला.

"कशाला?"

"उघड गं."

तिने खिशातला रिमोट दाबला. दार मांजरासारखं, आवाज न करता वर गेलं. दादाने कॉफी खाली ठेवली, आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. दाराला लागून एक छोटा चकचकीत दांडा होता. त्याने तो बोटाने हलवून बघितला. हलला नाही. घट्ट बसलेला.

"ठमे, हाच ब्रेक?"

"हो."

"हा लागलेला आहे."

"मग?"

"मग सुटला कधी?" दादा म्हणाला. "आणि सुटला असेल, तर परत लावला कुणी?"

२

ठमीला समजायला क्षणभर लागला. मग तिचं नख तोंडातून बाहेर आलं.

"म्हणजे सफाईवाले नाहीत?"

"सफाईवाल्यांकडे रिमोट आहे?"

"नाही. दोनच रिमोट आहेत. एक माझ्याकडे. काल उशीखाली घेऊन झोपले होते, हसू नकोस. दुसरा रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये. त्या ड्रॉवरला कुलूप आहे, पण ते नुसतं शोभेला."

"आणि रिमोटशिवाय दार उघडत नाही."

"बाहेरून नाही, आतूनही नाही. कडीच नाही या गाडीला. बसलास की दार आपोआप बंद होतं. बाहेर यायचं तर बाहेरच्याने रिमोट दाबायचा. मॉडेल आहे ना, आतलं बटण बसवायला वेळ नाही झाला. म्हणून तर मी नियम केलाय." तिने बोट दाखवलं. खांबावर कागद चिकटवलेला होता: गाडीत कुणीही बसायचं नाही. 'कुणीही'च्या खाली दोन रेघा.

"कुणीही म्हणजे?"

"कुणीही. परवा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, जरा बसून बघू का, तर त्यांनाही सगळ्यांसमोर नाही म्हणाले मी."

"शाबास. नोकरी टिकवायची कला शिकावी तुझ्याकडून."

दादा आता चाकांपाशी उकिडवा बसला होता. हे त्याचं घरचं आसन. एका चाकाकडे बघितलं, मग दुसऱ्या, मग वळसा घालून पलीकडच्या दोन. येताना तो मान एका बाजूला कलती करून आला.

"हे लोगो वाकडे का आहेत?"

ठमी खाली वाकली, आणि तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

प्रदर्शनातल्या गाड्यांची एक रीत असते. बघायला येणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाही. चाकाच्या मधोमध टोपी असते, तिच्यावर कंपनीचा लोगो. प्रदर्शनात हा लोगो सरळ उभा हवा. चारही चाकांवर. फोटोत वाकडा लोगो आला की गाडी दारू प्यायल्यासारखी दिसते म्हणतात. पॉलिशवाले काका सगळं पुसून झाल्यावर शेवटी हेच काम करतात. टोप्या बोटाने फिरतात, त्यामुळे मिनिटभराचं काम. पण त्याशिवाय ते गाडीवर कव्हर घालत नाहीत.

ठमीने फोन काढला. काल संध्याकाळी निघताना घेतलेला फोटो. नाक धड. चाकं सरळ. कडेला काका कव्हर हातात घेऊन उभे.

आणि आत्ता चारही लोगो एकाच बाजूला, एकसारखे कललेले.

"म्हणजे या फोटोनंतर गाडी खाली गेली," दादा म्हणाला, "आणि परत वर ढकलली, पण अगदी जिथल्या तिथे आली नाही. थोडी अलीकडे राहिली. तेवढीच चाकं फिरलेली राहिली."

मग तो बोर्डाकडे गेला. बोर्ड समोरून स्वच्छ होता. मागच्या बाजूने, लोखंडी पायाला, मोतिया रंगाचा बोटभर पट्टा लागलेला होता.

"बोर्डसुद्धा फिरवून ठेवलाय. भीतीने पळून जाणारा माणूस एवढं नीट आवरत नाही." दादा उठला, गुडघे कडाडले. "आता सांग. तो दांडा ब्रेकचा आहे, हे माहीत असल्याशिवाय परत कोण लावेल? बघणाऱ्याला तो काहीही वाटेल. कुणाकुणाला माहीत होतं?"

आता ठमीचा चेहरा खरोखर उतरला.

"कालच्या दुपारपर्यंत तो दांडा दाराशी नव्हताच," ती म्हणाली. "दोन सीटच्या मधे होता. तिथे केबल सांगाड्याला घासायला लागली, म्हणून इथे येऊन ऐन वेळी मी तो दाराशी आणला. तेव्हा तिघेच होतो आम्ही. मी. काका बॅटरी धरून. आणि सर."

"सर म्हणजे तुझे सीनियर? जे आता तुझ्याऐवजी बोलणार?"

"हो. आणि दादा, या गाडीसाठी आधी त्यांचं चित्र होतं. ते नापास झालं आणि माझं पास झालं."

३

सर भेटले मोठ्या स्क्रीनच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत. खोके, वायरी, पाण्याच्या बाटल्या. एका खोक्यावर बसून ते बिस्कीट कॉफीत बुडवत होते. दादा आत आला तशी त्यांनी मानही वर केली नाही.

"या. माझ्यावर संशय आहे ना? असायलाच हवा. मी तुमच्या जागी असतो तर मीही माझ्यावरच घेतला असता."

"मग सोपं झालं," दादा दुसऱ्या खोक्यावर बसला. "काल परत आला होतात का इथे?"

"तुमच्या बहिणीबरोबर एकाच टॅक्सीने गेलो. वाटेत ती गाडीबद्दल बोलत होती, मी झोपल्याचं सोंग करत होतो. नंतर परत येऊ शकलो असतो, खरंय. आलो नाही. पटवून देता येणार नाही." बिस्कीट तुटून कपात पडलं. सरांनी त्याच्याकडे खिन्नपणे बघितलं. "आणि स्टेजवर बोलायला मी साहेबांना कळवून टाकलंय, जमणार नाही. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक मी माझं म्हणून करू? माझं चित्र नापास झालं म्हणून मी इतकाही गेलेला नाही."

दादाला हा माणूस एकदम आवडला. धंद्यात ही अडचण असते, म्हणून त्याने पुढचा प्रश्न जरा कोरडा विचारला.

"ब्रेकचा दांडा दाराशी हलवला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"भांडलो! म्हणालो, अगं बाई, माणूस आत अडकला तर त्याचा हात कुठे जाणार? दाराकडे. जन्मभराची सवय आहे हाताला. तिथे दांडा दिसला की तो ओढणारच. ती म्हणाली, कुणी बसणारच नाही तर अडकेल कसा? झालं. ती लहानपणीही अशीच होती का?"

"याहून वाईट. हे दांड्याचं तुम्ही साहेबांना सांगितलंत?"

"साहेबांशी मी बोलत नाही. चित्र नापास केल्यापासून फक्त ईमेल. त्यात एवढं लिहिलं, की जमणार नाही."

बाहेर अँकर बाई स्टेजवर फेऱ्या मारत पाठांतर करत होती. लांबलचक चंदेरी ड्रेस, हातात कागद.

"दोन आसनांच्या मधोमध विसावलेला हा नाजूक ब्रेक... विसावलेला... काय हो, ब्रेक विसावतो का?"

"विसावला तर बरंच असतं," दादा म्हणाला. "हे मधोमध कुणी लिहून दिलं?"

"साहेबांच्या ऑफिसनं. आठवड्यापूर्वी. का, चूक आहे का? मला नुसतं पाठ येतं हां, गाडीतलं ओ की ठो कळत नाही. माझ्याकडे अजून स्कूटर आहे."

"काल तालमीनंतर गाडीत बसून बघावंसं नाही वाटलं?"

"ह्या ड्रेसमध्ये? बसले तर उठवायला क्रेन बोलवा." ती हसली. "आणि काल तालीम संपायच्या आधीच साहेब आले. विमानतळावरून थेट, बॅगसकट. ठमी आणि सर नुकतेच गेले होते, काका कव्हर घालत होते. साहेब म्हणाले, पुरे आता, घरी जा सगळे. मला एक फोन करायचाय. मग मी आणि काका निघालोच."

"काका तुमच्याबरोबर निघाले?"

"गेटपर्यंत. मी स्कूटरवर, ते बसला."

काका सापडले शेजारच्या स्टॉलवर. तिथली पॉलिशची मंडळी कमी पडली म्हणून यांना हाक मारली होती. बुटके, गोल, छातीवरच्या खिशात चष्मा, खांद्यावर पिवळं फडकं. दादाला बघून त्यांनी नमस्कार केला आणि पुन्हा पुसायला लागले. पुसलेलंच.

"काका, काल कव्हर घालून गेलात. परत आला होतात?"

"नाही."

"साहेबांशी काही बोलणं?"

"साहेबांचा माझा काय संबंध? त्यांना माझं तोंड पण ठाऊक नसेल."

"ठमी अडचणीत आलीय हो. नाव काढतायत तिचं बोर्डावरून."

काकांचं फडकं थांबलं. "नाव काढतायत? ताईचं?" ते काहीतरी बोलणार असं वाटलं. ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी ते मिटले, आणि वाकून त्या परक्या गाडीच्या चाकाची टोपी बोटांनी किंचित फिरवली. लोगो सरळ झाला. नीट बघायला ते एक पाऊल मागे गेले, मान तिरकी केली आणि पुढच्या चाकाकडे वळले.

दादा त्यांच्या हाताकडे बघत राहिला.

या माणसाला दुसऱ्याच्या गाडीवरचा वाकडा लोगो मिनिटभर सहन होत नव्हता. मग स्वतःच्या गाडीवर चार वाकडे लोगो कसे राहिले?

४

साहेब लाउंजमध्ये होते. दादाला त्यांनी अगदी आदराने बसवलं, पाणी मागवलं.

"तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला वाईट वाटणारच. मुलगी हुशार आहे, त्यात वाद नाही. पण बेफिकीर. कधीतरी ठेच लागणारच होती."

"खरंय," दादा म्हणाला. "मी आपला सवयीने बघत होतो. अपघात दिसला की हात शिवशिवतात. काल तुम्ही इथे किती वेळ होता?"

"मी? एक फोन केला आणि हॉटेलवर. प्रवासाने अंग आंबलं होतं."

"गाडीजवळ गेला नाहीत?"

"नियम आहे ना." साहेब हसले. "कुणीही बसायचं नाही. मला सगळ्यांसमोर सांगण्यात आलंय ते."

ते हसू जरा तिरकं होतं. कुठेतरी ती मीटिंग अजून सलत होती.

"मग मला वाटतं काम पॉलिशवाल्या काकांचं असावं," दादा म्हणाला. त्याला तसं वाटत नव्हतं. पण गॅरेजात उभं राहून तो एक गोष्ट शिकला होता: खोटं विचारलं की लोक घाईघाईने खरं दुरुस्त करतात.

"छे छे!" साहेब पुढे सरकले. "त्या बिचाऱ्याला यात ओढू नका. तो नुसता चष्मा विसरला म्हणून परत आला होता. त्याच्यासारखा माणूस..."

फोन वाजला. साहेबांनी तो कानाला लावला आणि उठले.

दादा तिथेच बसून राहिला. पाणी आलं, ते त्याने पूर्ण प्यायलं. मग त्याने ठमीला फोन लावला.

"मागच्या खोलीत ये. काकांना पण बोलाव, पण ते दाराबाहेर थांबू देत. आणि नखं खाऊ नकोस, माईक धरायचाय."

५

खोलीत तिघेच होते. साहेब उभे, कारण खोक्यावर बसायची त्यांना सवय नव्हती. बाहेर लोक जमायला लागल्याचा गलबला ऐकू येत होता.

"दोन मिनिटं आहेत माझ्याकडे," साहेब म्हणाले.

"पुरतील," दादा म्हणाला. "गाडी खाली गेली, धडकली, परत वर ढकलली गेली आणि ब्रेक लावला गेला. ब्रेक लावायचा तर दाराशी असलेला दांडा ब्रेकचा आहे, हे माहीत हवं. ते तिघांनाच माहीत होतं. मी सकाळपासून त्या तिघांच्याच मागे होतो. ठमी, सर, काका. पण मग माझी ट्यूब पेटली. ज्याला माहीत आहे तो दांडा ओढेलच कशाला? ओढणार तो, ज्याला माहीत नाही. जो आत बसला, दार बंद झालं, कडी सापडेना, आणि अंधारात हाताला लागेल ते त्याने ओढलं."

साहेबांनी फोन खिशात टाकला.

"आणि एकदा गाडी घसरली," दादा म्हणाला, "की त्या माणसालाही कळलं, हा ब्रेक आहे. म्हणजे माहीत असणारे तीन नाही, चार झाले. चौथा कोण, एवढंच शोधायचं होतं."

"आणि सापडला?"

"तुम्ही सकाळी ठमीला विचारलंत, दांडा दाराशी बसवायची अक्कल कुणाची. तेव्हा दार बंद होतं, काचा काळ्या आहेत. दांडा दाराशी आला काल दुपारी, तुम्ही विमानात असताना. तुमच्याच ऑफिसने अँकरला लिहून दिलेल्या कागदावर तो अजून मधोमध आहे. ठमीने तुम्हाला सांगितलं नव्हतं. सर तुमच्याशी बोलत नाहीत. काका म्हणतात, साहेबांना माझं तोंडही ठाऊक नाही. मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऐकलं असेल कुठेतरी," साहेब म्हणाले.

"असेल. मग काका चष्म्यासाठी परत आले, हे कुठे ऐकलंत? ते तर अँकरबरोबर गेटपर्यंत गेले होते. तुम्ही म्हणता, एक फोन करून हॉटेलवर गेलो. म्हणजे फोन आणि हॉटेल यांच्या मधे काका तुम्हाला भेटले." दादा थांबला. "माझ्याकडे पुरावा नाही. मी पोलीसही नाही. मी फक्त विचारतोय."

बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो. साहेब बघता बघता खोक्यावर बसले. इस्त्री मोडली.

"माझ्या हाताखाली एवढे लोक आहेत," ते हळू म्हणाले, "आणि माझ्याच कंपनीच्या गाडीत बसायला मला परवानगी नाही. पत्रकार विचारणार, आत बसून कसं वाटतं. मी काय सांगणार, माहीत नाही? ड्रॉवरमधला रिमोट घेतला. कव्हर पुढून मागे सारलं. रिमोट बोर्डावर ठेवला. पाचच मिनिटं बसणार होतो. बसलो, आणि दार बंद झालं."

"रिमोट बाहेर," ठमीच्या तोंडून निघालं.

"रिमोट बाहेर, दोन्ही फोन बॅगेत, बॅग रिसेप्शनला. मी काचेवर ठोकतोय, ओरडतोय. घाम फुटला. हाताला दांडा लागला, वाटलं हीच कडी. ओढली. आणि गाडी चालायला लागली. जिला इंजिन नाही ती गाडी!" साहेबांच्या चेहऱ्यावर आत्ताही ती भीती होती. "आपटल्यावर कुणीतरी खाली पडलेला रिमोट दाबून दार उघडलं. तो पॉलिशवाला. दोघांनी मिळून ढकलली. अंग फायबरचं, हलकं, म्हणून वर चढली. मी त्याच्यापुढे हात जोडले, म्हटलं कुणाला बोलू नकोस, सकाळी माझं मीच सांगतो. सांगणारच होतो. पण सकाळी तिचा तो चेहरा बघितला, आणि तोंडातून भलतंच निघालं. एकदा निघालं की मग..."

"मग कुत्रं आडवं येतं," दादा म्हणाला. "माहितीय मला."

त्याने दार उघडलं. काका बाहेर फडकं पिळत उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"काका, एकच विचारायचंय. गाडी वर ढकलल्यावर कव्हर तुम्हीच घातलंत ना?"

"मीच."

"लोगो वाकडे दिसले नाहीत?"

काकांनी आधी साहेबांकडे बघितलं, मग ठमीकडे.

"दिसले," ते म्हणाले. "न दिसायला काय झालं. पण साहेब सकाळी सांगतील याचा मला काही भरवसा वाटेना. आणि बोलायचं नाही म्हणून शब्द दिलेला. बोलायचं नाही, एवढाच दिलेला. लोगो सरळ करीन, असं काही मी म्हणालो नव्हतो." त्यांनी नाक ओढलं. "झोप नाही लागली हो पण. चारी वाकडे."

ठमी हसायला लागली आणि मग, लहानपणापासून कधी नव्हे ते, रडायला लागली. काकांनी फडकं पुढे केलं. त्याला मेणाचा वास येत होता, पण तिने घेतलं.

"झालं तर," ती डोळे पुसत साहेबांकडे वळली. "म्हणजे माझी काही चूक नव्हती."

"होती," दादा म्हणाला.

"काय?"

"तू मला विचारलंस, म्हणून सांगतो. अपघाताचं कारण काय, तर दाराशी हात जातो तिथे ब्रेकचा दांडा. सरांनी तुला सांगितलं होतं. साहेब चोरून बसले आणि खोटं बोलले, ते वेगळं. पण दांडा चुकीच्या जागी आहे. उद्या साहेबांच्या जागी एखादं पोर बसलं असतं आणि समोर माणसं उभी असती."

"तू भाऊ कुणाचा आहेस?"

"तुझाच. परक्याला एवढं फुकट सांगत नाही मी."

ठमीने रागाने बघितलं. मग तिने दार ढकललं आणि बाहेर गेली.

कव्हर निघालं, तेव्हा हॉल भरलेला होता. कॅमेरे चमकले आणि मग एकदम कुजबुज सुरू झाली. तडा पहिल्या रांगेपर्यंत दिसत होता. अँकर "मधोमध विसावलेला" वर येऊन अडकली. साहेब स्टेजवर चढले आणि तिच्या हातातून माईक घेतला. हा माणूस अजूनही काहीही बोलू शकत होता.

"नाकावर तडा आहे, तो माझा," साहेब म्हणाले. "काल मी कुणाला न विचारता हिच्यात बसलो, अडकलो, आणि बाहेर यायच्या नादात गाडी ठोकली. सकाळी तो आळ दुसऱ्यावर टाकला. ज्यांनी ही गाडी काढली, त्यांनी मला बसायला मनाई केली होती. त्याच बोलतील."

आधी शांतता, मग हशा, मग कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ते स्टेजवरून पळाले नाहीत. बाजूला उभे राहिले.

ठमीने माईक घेतला. हातात तिचं लिहिलेलं भाषण होतं, ते तिने घडी घालून खिशात ठेवलं.

"ही गाडी मी काढली," ती म्हणाली. "हिचं मला सगळंच आवडतं, एक दांडा सोडून. तो मी चुकीच्या जागी लावला. माझ्या सीनियरांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता तो तिथून निघणार. आणि आतून उघडणारी एक कडी बसणार. आधी कडी."

मागच्या रांगेत सर बिस्कीट खायचे थांबले.

दादाने चाकांकडे बघितलं. चारही लोगो ताठ उभे होते. कधी केले कुणास ठाऊक. काका प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे होते, चष्मा डोळ्यांवर, मान किंचित तिरकी, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातात फडकं नव्हतं. ते अजून ठमीकडेच होतं.

गर्दी पांगली तशी ठमी खाली उतरली. उरलेली नखं शाबूत होती.

"दादा, तुला बसून बघायचंय का आत? तुझ्यासाठी नियम मोडते. एकदाच."

दादाने गाडीकडे बघितलं. उघडं दार, आतली काळोखी गादी, दाराशी तो चकचकीत दांडा.

"आधी सांग, रिमोट कुणाकडे राहणार?"

"काकांकडे."

"मग बसतो," दादा म्हणाला, आणि बूट काढायला वाकला.